पूर्ववैमनस्य इंग्रजीत लिहिताना: ॲनिमॉसिटी, एनमिटी की हॉस्टिलिटी?

कोर्टातले मराठी जबाब इंग्रजीत करून देणं हे माझं रोजचं काम. ‘पूर्ववैमनस्य’ हा शब्द त्यात दिवसाआड भेटतो. सुरुवातीच्या काळात एका जबाबात होतं, ‘आमच्यात बांधावरून वैमनस्य होतं, पण हातघाईवर कधी आलो नाही.’ मी तिथे ‘हॉस्टिलिटीज’ लिहून मोकळी झाले. वकिलांनी कागद परत पाठवला, ते योग्यच होतं. हा अनेकवचनी शब्द म्हणजे प्रत्यक्ष लढाई. २७ जुलै १९५३ च्या कोरियन युद्धविराम करारात ‘सेसेशन ऑफ हॉस्टिलिटीज’ आहे, म्हणजे तोफा थांबवणं. माणूस सांगत होता मारामारी झालीच नाही, आणि मी ती लावून दिली होती.

तिथे हवा होता ‘ॲनिमॉसिटी’. बोलताना जोर ‘मॉ’वर द्या. मुळात लॅटिन ‘ॲनिमस’, म्हणजे मन. आणि आपल्या वैमनस्यात बघा, ‘मनस्’ आहेच! ही जोडी सापडली तेव्हा मला फार आनंद झाला होता. त्यानंतर हा शब्द कधी चुकला नाही.

म्हणून आधी मराठी वाक्यात ‘मनात’ घालून पाहा. मनात डूख आहे, आकस आहे, अढी आहे, आणि ती बऱ्याच दिवसांची आहे? मग ॲनिमॉसिटी बसते. काल दुपारी डोकं फिरलं आणि संध्याकाळी निवळलं, तर तो नुसता राग. तिथे ‘अँगर’ पुरे.

दोघांमधलं असेल तर ‘बिट्वीन’: ‘देअर वॉज ॲनिमॉसिटी बिट्वीन द टू ब्रदर्स.’ एकाच्याच मनात असेल तर ‘टुवर्ड्स’. ‘माझ्या मनात त्याच्याबद्दल काही नाही’ याला ‘आय बेअर हिम नो ॲनिमॉसिटी’. माणसाला लावायचं विशेषण मात्र या शब्दापासून होत नाही, तिथे ‘हॉस्टाइल’कडेच जावं लागतं.

‘एनमिटी’ म्हणजे सरळ शत्रुत्व, बहुधा दोन्ही बाजूंचं. याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘मित्र नसलेला’, आपला अमित्र. कायद्याला हा शब्द जवळचा: भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये गटागटांत ‘एनमिटी’ वाढवण्याचा गुन्हा आहे. निकालपत्रांतही ‘प्रीव्हियस एनमिटी’ दुधारी शस्त्र म्हणून येते, कारण वैरापोटी गुन्हा घडतो, तसंच वैरापोटी एखाद्याला खोटं गोवलंही जातं. त्यामुळे खुनाच्या खटल्यात ‘पूर्ववैमनस्या’ला मी एनमिटीच लिहिते, ॲनिमॉसिटी ठेवते भाऊबंदकीतल्या धुमसणाऱ्या मनांसाठी.

‘हॉस्टाइल विटनेस’चं भाषांतर ‘शत्रू साक्षीदार’ करू नका. आपल्याकडे साक्षीदार फितूर होतो.