डोंगरातल्या झाडांचा धोका ठरवताना या चुका टाळा

उष्ण कटिबंधातल्या डोंगरी जंगलातल्या झाडाला आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या रेड लिस्टमधली, म्हणजे नामशेष होण्याचा धोका सांगणाऱ्या यादीतली, श्रेणी देताना बहुतेक घोळ एकाच कारणाने होतात. नकाशावर डोंगर सपाट होतो आणि आपणही त्याला सपाट धरून चालतो.

सुरुवात नकाशावरच्या ठिपक्यांपासून, म्हणजे झाड जिथे सापडलं त्या जागांपासून. हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, जुन्या नमुन्यावर अक्षांश-रेखांश नसतात, फक्त जवळच्या गावाचं नाव असतं. गावावर ठिपका ठेवला की १८०० मीटरवरचं झाड थेट दरीत उतरतं. म्हणून प्रत्येक ठिपक्याची उंची चिठ्ठीवरच्या उंचीशी ताडून पाहा. दोन्हींत शेकडो मीटरचा फरक असेल तर ठिपका हलवा, नाहीतर वगळा. (त्याआधी नमुन्याची ओळखच बरोबर आहे का, तेही बघा. उष्ण कटिबंधातल्या संग्रहांमध्ये चुकीची नावं सर्रास सापडतात.)

पुढची चूक हुशार लोक करतात. विस्तार, म्हणजे ईओओ, काढताना ते बाहेरचे ठिपके जोडतात आणि मग ‘इथे झाड उगवतच नाही’ म्हणून मधल्या दऱ्या कापून टाकतात. हे करू नका. झाडाने किती जमीन व्यापली हे ईओओ सांगत नाही. धोका किती दूरवर विभागला गेलाय, ते सांगतो. ‘संकटग्रस्त’साठीची ५,००० चौ. किमीची मर्यादा न कापलेल्या आकृतीसाठीच आहे. उंचीच्या पट्ट्यातला अधिवास वेगळा मोजा, घट दाखवायला तो उपयोगी पडतो.

एओओचंही, म्हणजे झाडाने प्रत्यक्ष व्यापलेल्या क्षेत्राचंही, तसंच. तो २ × २ किमीच्या चौकटींत मोजायचा असतो. उपग्रहचित्रातल्या ३० मीटरच्या तुकड्यांची बेरीज केली तर आकडा कोसळतो आणि झाड उगाचच ‘अतिसंकटग्रस्त’ ठरतं, कारण तिथली मर्यादा १० चौ. किमीपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम दोन चौकटी. शिवाय नुसतं क्षेत्र लहान असून भागत नाही. निकष ‘ब’मध्ये, म्हणजे क्षेत्रावरून धोका ठरवताना, तीनपैकी दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात: मोजकी ठिकाणं किंवा वस्तीचे तीव्र तुकडे पडणं, चालू घट, संख्येत किंवा क्षेत्रात टोकाचे चढउतार.

यातलं ‘ठिकाण’ म्हणजे नमुना गोळा केल्याची जागा नव्हे. एकाच वणव्यात डोंगराची अख्खी सोंड जळणार असेल तर तिच्यावरचे दहा ठिपके मिळून एकच ठिकाण.

झाडं मोजताना रोपं धरू नका, फक्त फळा-फुलाला येणारी मोजा. मात्र सखल जंगलातली घेराची अट इथे जशीच्या तशी लावू नका. वाऱ्याच्या माथ्यावरची खुरटी झाडं बारीक खोडावरही फुलतात.

निकष ‘अ’साठी, म्हणजे झाडांची संख्या किती घटली ते पाहताना, दहा वर्षं किंवा तीन पिढ्या, जे जास्त असेल ते घ्यायचं. सावकाश वाढणाऱ्या झाडाच्या तीन पिढ्या दहा वर्षांत बसत नाहीत. जंगलतोडही सगळ्या डोंगराची नको, त्या झाडाच्या पट्ट्यातली मोजा. पायथा उजाड झाला तरी माथ्यावरचं झाड शाबूत असू शकतं, आणि उलटही.

राहिला ‘अपुरी माहिती’चा शिक्का. नमुने दोनच असले, तरी त्यांच्या पट्ट्यात मळे चढलेले उपग्रहचित्रात दिसत असतील, तर हा शिक्का मारणं म्हणजे पळवाट.