यकृताच्या कडकपणाचा आकडा दुसऱ्यांदाही तोच येतो का?

जळगाव-धुळ्याकडच्या केंद्रात एमआर इलास्टोग्राफी (कंपनं सोडून एमआरआयवर यकृताचा कडकपणा मोजणं) नव्याने सुरू करायची, तर आधी पंधरा-वीस जणांचं दोनदा स्कॅन करा. (एथिक्स कमिटीची परवानगी आणि लेखी संमती हे ओघानं आलंच.) यकृत धडधाकट असलेले आणि सिरॉसिसचे (यकृत व्रणांनी कडक झालेले), दोन्ही घ्या.

पोट किमान चार तास रिकामं हवं. जेवणानंतर पोर्टल शिरेतला (आतड्यांकडून यकृताकडे येणारा) रक्तप्रवाह वाढतो आणि आजारी यकृताचा आकडा उगाच चढतो. 'उपाशी या' म्हटलं तरी सकाळी चहा-भाकरी झालेली असते, म्हणून शेवटचं काय आणि किती वाजता खाल्लं ते विचारा.

ड्रायव्हरची चकती (नळीतून आलेली कंपनं यकृताला देणारी) उजव्या बरगड्यांवर, छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या पातळीत ठेवा. पट्टा घट्ट बांधा. कंपन 60 हर्ट्झ. यकृताच्या सर्वांत रुंद भागातून 10 मिमी जाडीचे चार स्लाइस. श्वास पूर्ण सोडून रोखायचा. खेड्यातल्या पेशंटला हे अहिराणीत सांगून दोनदा सराव करून घेतला, की निम्मं काम होतं.

पहिलं स्कॅन झालं की पेशंटला टेबलावरून उतरवा, चकती काढा, दहा-पंधरा मिनिटांनी सगळं नव्यानं लावा. पडल्यापडल्या दुसरं स्कॅन केलं, तर चकती बसवण्यातली चूक कधीच दिसणार नाही.

मोजण्याआधी लहरींचं चित्र बघा. लहरी दिसत नसतील, तर आधी नळीचा जोड तपासा. नळी ठीक असूनही यकृत काळंच दिसलं, तर लोह साचलेलं असू शकतं. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचे, वारंवार रक्त चढवलेले रुग्ण येतात. त्यांच्यात ग्रेडियंट एको ही नेहमीची स्कॅन-पद्धत (सीक्वेन्स) फसते, स्पिन एको-ईपीआय ही दुसरी वापरा. एकाच पेशंटच्या दोन स्कॅनच्या जोडीत या दोन सीक्वेन्स मिसळू नका.

मोजायचा भाग उजव्या लोबमध्ये, कडेपासून सुमारे सेंटिमीटरभर आत, मोठ्या शिरा आणि पित्ताशय टाळून, 95 टक्के खात्रीच्या मास्कमध्येच (मशीनला आकडा भरवशाचा वाटतो तेवढ्याच भागात) आखा. डावा लोब हृदयाच्या ठोक्यांनी हलतो. स्कॅन वाचून मोजणाऱ्या दुसऱ्या माणसाला पहिल्याचा आकडा दाखवू नका.

आता हिशोब. समजा एका पेशंटचे दोन स्कॅनमध्ये 3.2 आणि 3.5 किलोपास्कल (कडकपणाचं एकक) आले. फरक 0.3, सरासरी 3.35, भागाकार 0.0896, त्याचा वर्ग करून निम्मा केला की 0.0040. सगळ्यांच्या अशा आकड्यांची सरासरी काढा, वर्गमूळ घ्या, 2.77 ने गुणा, टक्क्यांसाठी 100 ने गुणा. उत्तर 19 टक्क्यांच्या आसपास किंवा कमी हवं. त्याहून लहान बदलाला 'आजार वाढला' म्हणता येत नाही. नुसत्या आयसीसीवर (दोन मोजमापं किती जुळतात ते सांगणारा सांख्यिकी आकडा) भिस्त ठेवू नका. धडधाकट आणि सिरॉसिसवाले एकत्र घेतले, की तो आपोआप छान दिसतो.