हवेतला पारा मोजायला जहाजावर जाताय?

भर समुद्रातली हवा स्वच्छ, तेव्हा तिथे काम सोपं, असं एम.एस्सी. करून नव्याने येणाऱ्यांना वाटतं. उत्तर गोलार्धात खुल्या समुद्रावर एका घनमीटर हवेत पारा साधारण १.५ नॅनोग्रॅम, दक्षिणेत १ च्या आसपास. यंत्र ५ मिनिटांत जेमतेम ५ लिटर हवा ओढतं. म्हणजे हाती लागणार ७-८ पिकोग्रॅम (नॅनोग्रॅमचा हजारावा भाग म्हणजे एक पिकोग्रॅम), आणि तेही धुराडं घेऊन फिरणाऱ्या जहाजावर बसून.

म्हणून हवा घेणारी टेफ्लॉनची नळी कुठे बसवायची, यासाठी कप्तानाशी हुज्जत घालावी लागली तरी घाला. जागा नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, जमेल तितकी उंच हवी. जहाज चालू असताना वारा बहुधा समोरून येतो. पाण्याचे नमुने घ्यायला थांबलं की धूर वळून थेट नळीत. वाऱ्याची दिशा आणि धुराची खूण म्हणून कार्बन मोनॉक्साइड सतत नोंदवा, त्यावरूनच पुढे खराब नोंदी गाळायच्या असतात. गाळताना जीव कळवळतो. तरी गाळा.

मला मात्र धुरापेक्षा प्रयोगशाळेची धास्ती जास्त. शेजारच्या टेबलावर कार्बन मोजणारी मंडळी पाण्याचे नमुने टिकावेत म्हणून त्यात मर्क्युरिक क्लोराइड, म्हणजे पाऱ्याचंच संयुग, घालत असतात! त्यांच्याशी पहिल्याच दिवशी बोलून घ्या.

यंत्रात सोन्याच्या दोन नळ्या असतात. एक पारा धरून ठेवते, तेवढ्यात दुसरी तापवून तिच्यातला पारा आर्गॉनबरोबर पुढे जातो आणि २५३.७ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजला जातो. दोघींचे आकडे फटकून येऊ लागले, तर आधी सोन्यावर संशय घ्या, हवेवर नंतर. खारी हवा सोनं निकामी करते. आधीचा फिल्टर आणि आम्लवायू शोषणारा सोडा लाइम वेळेवर बदला. आर्गॉनचा जादा सिलिंडर आणि आवोमिन, दोन्ही बंदरातच घ्या.

जानेवारीत हिंदी महासागरात दक्षिणेकडे जाताना गंमत असते. दोन गोलार्धांची हवा वेगळी करणारा पट्टा तेव्हा विषुववृत्ताच्या खाली असतो. तो ओलांडला की पारा आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही एकदम उतरतात. इथे आलेख पाहत जागायला कंटाळा येत नाही.

ऑक्सिडीकृत पाऱ्याच्या, म्हणजे हवेत संयुगांच्या रूपात असलेल्या पाऱ्याच्या, नादी पहिल्याच सफरीत लागू नका. तो पकडायला पोटॅशियम क्लोराइडचा लेप दिलेली नळी, म्हणजे डिन्यूडर, वापरतात; तिच्यातून तो ओझोन आणि दमट हवेमुळे निसटतो, आणि समुद्रावर दमटपणाला काय तोटा? आकडा खऱ्यापेक्षा कमीच येतो.