रायफलिंगची नळी आणि जड स्लग: या चुका टाळा

अमेरिकेतील ओहायो, इंडियाना, आयोवा यांसारख्या सपाट, शेतीच्या राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी लांब पल्ल्याच्या रायफलींवर दीर्घकाळ बंधने होती, त्यामुळे तेथे शॉटगनमधून (छर्ऱ्यांच्या बंदुकीतून) स्लग, म्हणजे एकच जड गोळी, मारण्याची पद्धत रुजली आणि रायफलिंग (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या सर्पिल खाचा) केलेली नळी खास बनवून घेणाऱ्यांची संख्या वाढली.

सर्वांत घातक गैरसमज दाबाविषयीचा आहे. १२ गेजच्या (गेज म्हणजे नळीच्या व्यासाचे माप; आकडा लहान, तितका व्यास मोठा) पावणेतीन आणि ३ इंची काडतुसांसाठी अमेरिकेतील उद्योगसंस्थेने ठरवलेली कमाल दाबमर्यादा प्रति चौरस इंच ११,५०० पौंड आहे, तर .३०८ विंचेस्टर रायफलीसाठी ती ६२,००० आहे. रायफलीची काडतुसे घरी भरणारा माणूस पितळी टरफलावरील खुणा पाहून दाबाचा अंदाज घेतो; शॉटगनच्या प्लॅस्टिकच्या काडतुसात अशा खुणा दिसेपर्यंत मर्यादा कधीच ओलांडलेली असू शकते. खांद्याला बसणारा दणकाही दाबाचे माप नव्हे, कारण तो मुख्यतः स्लगचे वजन आणि वेग यांवर अवलंबून असतो. म्हणून १ औंसाच्या स्लगसाठी प्रसिद्ध केलेल्या दारूच्या मापावर त्याहून जड स्लग बसवणे, किंवा वॅड (दारू आणि गोळी यांमधली गादी), प्रायमर (दारू पेटवणारा भाग) वा टरफल आपल्या मनाने बदलणे, हे सरळ धोका ओढवून घेणे आहे. काडतूस भरण्याच्या तपासलेल्या कृतीतला एकही घटक बदलू नये.

दुसरी चूक मापांची. नळीवर कोरलेली चेंबरची (काडतूस बसते त्या पोकळीची) लांबी पाहावी. पावणेतीन इंची चेंबरमध्ये ३ इंची काडतूस बसते खरे, पण उडताना त्याचे तोंड पूर्ण उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. नळी खास बनवलेली असेल, तर खाचांमधला व्यास परवानाधारक कारागिराकडून प्रत्यक्ष मोजून घ्यावा, कारण कठीण मिश्रधातूचा जास्त व्यासाचा स्लग मऊ शिशासारखा दबत नाही. जुन्या ‘पॅराडॉक्स’ बंदुकीत रायफलिंग फक्त नळीच्या टोकाशी असते. वारशात आलेल्या अशा बंदुकीत आजचे काडतूस घालून पाहण्याचा मोह आवरावा. भारतात तर १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीत फेरफार करण्यासाठी परवाना लागतो.

२० गेजची काडतुसे पिवळी असतात ती उगाच नव्हे. ती १२ गेजच्या नळीत घसरून पुढे अडकतात आणि मागून घातलेले १२ गेजचे काडतूस उडाले की नळी फुटते. दोन्ही गेजची काडतुसे एका खिशात ठेवू नयेत.

आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर थांबावे. काडतूस उडालेच नाही, तर नळीचे तोंड सुरक्षित दिशेला रोखून निदान ३० सेकंद वाट पाहावी, मग बंदूक रिकामी करून नळी आरपार तपासावी. नळीत अडकलेल्या गोळीमागून दुसरी गोळी सोडणे म्हणजे नळी फोडणे.

नेम अचानक बिघडला, तर दुर्बिणीला दोष देण्याआधी खाचांत साचलेले शिसे आणि दुर्बिणीच्या पट्टीचे स्क्रू पाहावेत. नेम तपासताना नळी वाळूच्या पिशवीवर टेकवू नये. पुढचा लाकडी भाग टेकवावा.

‘स्लग फार लांब जात नाही’ हा दिलासा अर्धाच खरा आहे. पेनसिल्व्हानियात २००७ साली झालेल्या अभ्यासानुसार जमिनीला जवळजवळ समांतर उडालेला स्लग जमिनीवर आपटून उसळल्यावर रायफलच्या गोळीहूनही दूर जाऊ शकतो. त्यामुळे लक्ष्यामागे मऊ मातीचा उंच बांध हवा, आणि तो नसेल तर चाप ओढू नये.