खरा शॉट खोटा का दिसतो? ट्रिक शॉटचे व्हिडिओ बनवताना या चुका टाळा

मागच्या एप्रिलमध्ये आम्ही पाच मित्रांनी गोठ्याच्या टिनांवर टेनिस बॉल फेकून, तो घरंगळत खाली ठेवलेल्या बादलीत पाडला. दोन सकाळी गेल्या, शंभरावर प्रयत्न झाले. व्हिडिओ टाकला आणि संध्याकाळी पानठेल्यावर पहिलंच वाक्य कानावर आलं, "हे त जोडलं हाये ना बे!" फार लागलं ते. घरी येऊन पुन्हा पाहिलं तेव्हा चूक दिसली. बॉल टिनावर आपटतो ती एक क्लिप, बादलीत पडतो ती दुसरी. मधे कट. असं पाहून कोणीही जोडलंच म्हणणार.

म्हणून पहिली गोष्ट: हातातून बॉल सुटल्यापासून तो पडेपर्यंत कट नको, आणि फेकणारा व निशाणा दोघंही एकाच चौकटीत हवेत. बॉलच्या मागे फोन फिरवण्याचा मोह होतो, पण त्यात फेकणारा चौकटीबाहेर जातो आणि शंका तिथेच शिरते. एक फोन दूर, स्टँडवर, न हलवता ठेवा. दुसरा निशाण्याजवळ. जवळची क्लिप दाखवायचीच असेल तर पूर्ण शॉट एकदा दाखवून झाल्यावर दाखवा. हुकलेले चारदोन प्रयत्नही ठेवा. प्रयत्नाचा आकडा पाटीवर खडूने लिहून चौकटीतच उभा केला, तर लोक स्वतःच मोजायला लागतात.

याच व्हिडिओत आणखी एक चूक होती. शॉट लागला तेव्हा उड्या मारताना स्टँडला धक्का लागून फोन पडला, म्हणून आनंदाचा भाग आम्ही अकरा वाजता पुन्हा केला. शॉटच्या वेळी बादलीची सावली लांब पसरलेली होती, उड्या मारताना ती बुडाशी आलेली. बारकाईने पाहणाऱ्याला तेवढं पुरतं. शॉटनंतर दहा-पंधरा सेकंद रेकॉर्डिंग सुरूच राहू द्या. जो आनंद पहिल्यांदा झाला तोच खरा.

बॉल दिसतच नाही, ही तक्रार बहुतेकांची असते. ताशी 72 किलोमीटर वेगाने गेलेला बॉल सेकंदाला 30 फ्रेम, म्हणजे 30 चित्रं, टिपली जात असताना एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत 67 सेंटिमीटर पुढे सरकतो. 60 फ्रेमवर हेच अंतर निम्मं होतं. फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करा. पार्श्वभूमीही बघा: पिवळा टेनिस बॉल नांगरलेल्या काळ्या मातीवर उठून दिसतो, सोयाबीनच्या कुटारासमोर मात्र हरवतो.

बास्केटबॉलच्या रिंगने आमचा बराच वेळ खाल्ला. गावातल्या लोहाराकडून सळई वाकवून 45 सेंटिमीटरची रिंग केली आणि नियमाप्रमाणे 3.05 मीटरवर लावली. बॉल साधारण 24 सेंटिमीटरचा, म्हणजे जागा भरपूर वाटते. पण बॉल आडवा आला तर त्याच्या बाजूने रिंग अरुंद होते. जमिनीच्या रेषेशी 30 अंशांत उतरला तर तिचं तोंड 22.5 सेंटिमीटरच उरतं, बॉल सरळ आत जाऊच शकत नाही. 45 अंशांत 32 सेंटिमीटर मिळतात. आम्ही लांबून सपाट, जोराने फेकत होतो. उंच फेकायला लागल्यावर बॉल आत जायला लागला.

फिरकीकडेही आम्ही लक्ष देत नव्हतो. हाऊ रिडिक्युलस या ऑस्ट्रेलियन मित्रमंडळींनी 2015 मध्ये टास्मानियातल्या गॉर्डन धरणावरून 126.5 मीटर खालच्या रिंगमध्ये बास्केटबॉल टाकला होता. त्याच भिंतीवरून जरा उलटी फिरकी देऊन सोडलेला बॉल पडता पडता भिंतीपासून खूप दूर वाहत गेला. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. आपल्या मचाणावरून एवढा फरक पडणार नाही, पण दर वेळी फिरकी वेगळी असेल तर बॉलही दर वेळी वेगळीकडे जाईल. पकड एकच ठेवा आणि बॉलही एकच. नवा आणि मळका टेनिस बॉल सारखा उसळत नाही.

वेळ सकाळची घ्या. ॲपलने आयफोनसाठी 0 ते 35 अंशांची हवा सांगितली आहे, आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 पर्यंत जातो. तापलेला फोन ऐन शॉटला बंद पडतो. छत्री धरा, कव्हर काढा.

आता जी चूक व्हिडिओत दिसत नाही ती. बिनकठड्याच्या विहिरीजवळ आम्ही एकदाच शूट केलं. बॉल विहिरीत गेला आणि आमच्यातला सर्वांत लहान दोर घेऊन उतरायला निघाला. विहीर जुनी, बरीच वर्षं न उपसलेली. अशा विहिरीत घातक वायू साचतो किंवा प्राणवायू कमी असतो, आणि वरून काहीच कळत नाही. शेतावर आलेल्या काकांनी त्याचा दंड धरून मागे ओढलं. त्या दिवशीचं शूटिंग तिथेच थांबवलं. तेव्हापासून जागा ठरवताना आधी विचारतो, की हुकलेला बॉल कुठे जाईल? तिकडे विहीर, रस्ता किंवा बांधलेले बैल असतील तर ती जागा नको. निशाण्यामागे जुनी शेडनेट ताणली की बॉल आणायची धावपळही वाचते. विजेच्या तारांखाली उंच शॉट नकोत, आणि अडकलेलं काही बांबूने काढायला जाऊ नका, लाईनमनला सांगा. शेतमालकाला आधी विचारा. कापसाची वेचणी सुरू असेल तर त्या वावरात पायही ठेवू नका.

गाणं टाकायची घाई आम्हालाही होती. दुसऱ्याचं गाणं लावलं तर यूट्यूबवर हक्काचा दावा येऊ शकतो आणि व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकते. पण माझं म्हणणं वेगळंच आहे. टिनावर बॉल आपटल्याचा आवाज हाच तुमचा पुरावा, तो गाण्याखाली दाबू नका. गोठ्याचा शॉट आम्ही यंदा पुन्हा केला, एकाच चौकटीत, 64 व्या प्रयत्नाला. त्यात टिनाचा आवाज आहे, मागे एक गाय हंबरते, आणि मग आम्ही पाचही जण ओरडतो.