घरातलं ज्येष्ठ माणूस विसरायला लागलं, तर आधी काय पाहावं?

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देऊ नका. किल्ल्या कुठे ठेवल्या ते न आठवणं वयामुळे असू शकतं. रोजच्या गल्लीतून घरी येताना चुकणं, सुट्टे पैसे मोजता न येणं, तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणं मात्र डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं.

१. कधीपासून, ते ठरवा. स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. कालपर्यंत ठीक असलेले आजोबा आज अचानक बरळायला लागले, दिवसा झोपून रात्री उठून बसायला लागले, तर ती भ्रमावस्था (डिलिरियम, म्हणजे दुसऱ्या आजाराने अचानक आलेला गोंधळ) असण्याची शक्यता जास्त. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम घटणं अशी कारणं त्यामागे असतात. त्याच दिवशी दवाखाना गाठा. तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला, तर थेट मोठं रुग्णालय.

२. औषधांची पिशवी सोबत न्या. सगळी, आयुर्वेदिकसुद्धा. झोपेच्या, सर्दीच्या आणि वारंवार होणाऱ्या लघवीवरच्या काही गोळ्यांनीही बुद्धी मंदावते. पण मनाने काही बंद करू नका.

३. बरं होऊ शकणारं आधी शोधा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. जीवनसत्त्व बी१२ आणि थायरॉइड तपासा. शाकाहारी घरांत, त्यातही मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, बी१२ कमी असणं नवलाचं नाही. मेंदूचा स्कॅनही करावा लागतो; किरकोळ पडण्यानंतर काही आठवड्यांनी कवटीच्या आत रक्त साचलेलं सापडतं. नैराश्य आणि कमी ऐकू येणं हेही विसराळूपणासारखंच दिसतं. ३० गुणांच्या स्मृतिचाचणीत शाळा न शिकलेल्या आजींना कमी गुण पडणारच, एवढ्यावरून निदान होत नाही.

४. औषधांकडून किती अपेक्षा? डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन, मेमंटिन यांनी अल्झायमर (स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) बरा होत नाही. काहींची लक्षणं काही काळ सावरतात. डोनेपेझिलने नाडी मंदावू शकते, म्हणून आधी ईसीजी. नसलेली माणसं दिसणं आणि चाल अडखळणं एकत्र असेल, तर ते आवर्जून सांगा: स्मृतिभ्रंशाच्या लेवी बॉडी प्रकारात हॅलोपेरिडॉलसारखी, भास कमी करण्यासाठी दिली जाणारी औषधं धोक्याची ठरतात.

५. घरात. ‘सुनेनं माझी पाटली घेतली’ यावर वाद घालू नका. ‘चला, शोधू या’ म्हणा. गॅसच्या मुख्य नळावर लक्ष ठेवा, खिशात पत्ता ठेवा. मदतीसाठी एल्डरलाइन ही ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन, १४५६७.

बँकेचे नॉमिनी आणि मृत्युपत्र त्यांना समजतंय तोवरच करून घ्या, त्यांच्याच इच्छेने.