बाथरूमची फरशी बदलताय? टाइल निवडण्याआधी या चुका टाळा

बाथरूमचं काम काढलं की पहिली फेरी हमखास टाइल्सच्या दुकानात होते. रंग, हायलायटर, मॅट की ग्लॉसी यावर दोन रविवार खर्ची पडतात आणि वॉटरप्रूफिंग 'गवंडी बघेल' एवढ्यावर भागतं. टाइल कितीही महागाची घ्या, पाणी सांध्यांतून खाली उतरतंच. त्याला अडवायचं काम खालच्या थराचं.

मुंबई-ठाणे-पुण्याकडच्या बऱ्याच फ्लॅटमध्ये बाथरूमचा स्लॅब घराच्या पातळीपेक्षा खाली असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असतो. झिरपलेलं पाणी या कोब्यात मुरत राहतं. म्हणून गळती काम संपल्याच्या आठवड्यात दिसत नाही. काही महिन्यांनी खालच्या काकू बेल वाजवतात, आणि तोवर ठेकेदाराने फोन उचलणं बंद केलेलं असतं. भांडणही घरच्या अंगावरच येतं, कारण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने काढायची असली, तरी घरातल्या बाथरूमची सदस्यालाच स्वखर्चाने काढावी लागते.

जुनी फरशी ब्रेकरने उखडताना खालच्या वॉटरप्रूफिंगला धक्का बसतोच. तरी 'खालचं चांगलं आहे साहेब, नुसती टाइल बदलू' असं सांगणारे भेटतात. ऐकू नका. कोटिंग नव्याने करून घ्या: दोन हात, पहिला वाळल्यावर दुसरा, एक उभा तर दुसरा आडवा. भिंतीवर किमान फूटभर आणि शॉवरच्या बाजूला पार डोक्याच्या वरपर्यंत. जमीन आणि भिंत जिथे मिळतात तिथे आधी मसाल्याचा गोलसर वाटा मारायचा, कारण काटकोनात कोटिंग चिरतं.

सगळ्यांत दुर्लक्षित जागा म्हणजे नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीवरचं पाणी जिथून जातं त्या जाळीखालचं भांडं. त्याच्या भोवतीची फट विटेचा तुकडा आणि सिमेंट कोंबून बुजवली जाते. प्लास्टिकला सिमेंट नीट धरत नाही, कडेने केसाएवढी चीर पडते आणि रोजच्या आंघोळीचं पाणी तिथूनच उतरतं. ही फट आकसणार नाही अशा ग्राउटने, म्हणजे फटी-सांधे भरायच्या मसाल्याने, भरा आणि कोटिंग थेट ट्रॅपच्या तोंडापर्यंत आणा.

मग पाणी भरून ठेवा. टाइल लावण्याआधी, नंतर नाही. ट्रॅपचं तोंड बंद करून दारात छोटा बांध घालायचा, दोन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पातळीची पेन्सिलने खूण करायची आणि ४८ तास हात लावायचा नाही. मधे एकदा खाली जाऊन त्यांचं छत बघून यायचं. 'माणसं बसून आहेत' म्हणून ठेकेदार घाई करेल. दोन दिवसांची मजुरी गेली तरी चालेल. याच वेळी, भिंती बंद होण्याआधी, आतल्या पाइपांची प्रेशर टेस्टही उरकून घ्या.

ढाळ गवंड्याच्या नजरेवर सोडू नका. सहा फुटांना साधारण एक इंच उतार पुरतो. इथेच मोठ्या टाइलची हौस आड येते. दोन बाय चारची टाइल चारी बाजूंनी ट्रॅपकडे वळवता येत नाही, मग ती तिरकी कापावी लागते किंवा पाणी कोपऱ्यात साचतं. जमिनीला एक बाय एकची टाइल दिसायला साधी, पण वापरायला सुखाची.

आता निवड. भिंतीची सिरॅमिक टाइल जमिनीवर नको. ती पाणी जास्त पिते आणि तिला ताकदही कमी. व्हिट्रिफाइड टाइल वजनाच्या ०.५ टक्क्यापेक्षाही कमी पाणी शोषते. पण म्हणूनच सिमेंटच्या घोळावर ती घट्ट बसत नाही. तिला टाइल अॅडेसिव्हच लागतं. चकचकीत ग्लॉसी टाइल टाळा, विशेषतः घरात आजी-आजोबा असतील तर. खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात आर-१० किंवा आर-११ (टाइल किती कमी घसरडी आहे त्याचा दर्जा) लिहिलेलं आहे का बघा. त्याहून खरखरीत नको, साबणाचा मळ निघता निघत नाही. जुन्या फरशीवरच नवी चढवणं स्वस्त पडतं, पण बाथरूम पॅसेजच्या पातळीला येतं आणि पाणी दाराखालून बाहेर येतं.

सांध्यांत एपॉक्सी ग्राउट भरा. पांढऱ्या सिमेंटवर दर महिन्याला अॅसिड ओतलं की ते खाल्लं जातं आणि वाट मोकळी होते.

गळती आधीच सुरू असेल तर तोडफोडीआधी थोडा तपास करा. सगळे नळ बंद ठेवून रात्री मुख्य व्हॉल्व्ह बंद केला आणि खालचं टपकणं हळूहळू थांबलं, तर संशय आतल्या पाइपवर. आंघोळीनंतरच ओल वाढत असेल तर ट्रॅप किंवा फरशी. फक्त पावसाळ्यात डाग उमटत असेल तर बाहेरची भिंत. बाथरूम उखडून काही हाती लागणार नाही. आणि तुमच्याच बाथरूमच्या छतावर काळे ठिपके आले असतील तर वरच्यांवर चढाई करण्याआधी एक्झॉस्ट फॅन आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवून बघा. बऱ्याचदा ती वाफच असते.